कॅज्युअल्टीत पेशंटसोबत मिळून घेतलेला निर्णय केसपेपरवर कसा लिहायचा: विदर्भात नव्याने रुजू झालेल्या एमओंसाठी (मेडिकल ऑफिसरांसाठी)

बॉन्डवर (सक्तीच्या सरकारी सेवेवर) ग्रामीण रुग्णालयात नुकतेच आलात, रात्रीची कॅज्युअल्टी तुमच्याकडे, सोबत एक सिस्टर आणि नशीब असेल तर एक ब्रदर. अशा ड्युटीत थोड्या थोड्या वेळाने एक पेशंट असा येतो की त्याच्याबाबतीत "हेच करायचं" असं पुस्तक सांगत नाही. ठेवायचं का घरी सोडायचं, इथेच बघायचं का नागपूरला पाठवायचं, आत्ता रात्री पाठवायचं का सकाळी. हे सगळं आपण पेशंटशी आणि घरच्यांशी बोलूनच ठरवतो, बोलतो पण चांगलं, पण केसपेपरवर काय उतरतं तर "रिस्क एक्स्प्लेन्ड, रिलेटिव्ह्ज नॉट विलिंग" आणि खाली एक सही नाहीतर अंगठा. सकाळी ड्युटी बदलते, पेशंट दुपारी परत येतो, आणि नव्या डॉक्टरला त्या ओळीतून काहीच कळत नाही. कोणती रिस्क सांगितली होती, कोणाला, तो काय म्हणाला, का नाही म्हणाला, काहीच नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की त्या एका ओळीच्या जागी पाच-सहा ओळी लिहा आणि त्यात पेशंटचं स्वतःचं एक तरी वाक्य असू द्या. कसं, ते खाली क्रमाने सांगतो.

1. आधी बघा, निवड खरंच आहे का

सगळ्याच केसमध्ये विचारत बसायचं नसतं. पेशंट बेशुद्ध आहे, श्वास थांबत चाललाय, रक्त थांबत नाहीये, फवारणीचं औषध पिऊन तोंडाला फेस आलाय, तिथे "काय करायचं दादा" असं विचारायचं नाही, हात चालवायचे. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने 20 हून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले, तेव्हापासून आपल्याकडे कापसाच्या सीझनला प्रत्येक एमओने अॅट्रोपिनचा (या विषावरच्या उताऱ्याचा) साठा बघूनच ड्युटीवर बसायला पाहिजे असं मला वाटतं. अशा वेळी कायदा तुमच्या बाजूने आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम 30, म्हणजे जुन्या आयपीसीचं 92, हेच सांगतं की माणूस संमती देऊ शकत नसेल, त्याच्या वतीने देणारं कोणी वेळेत मिळत नसेल, आणि तुम्ही त्याच्या भल्यासाठी प्रामाणिकपणे काही केलंत तर तो गुन्हा होत नाही. आणि 1989 च्या परमानंद कटारा खटल्यात सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलंय की एमएलसी (पोलिसांकडे नोंदवायची केस) असो नसो, आधी जीव वाचवायचा, पोलिसांचे कागद नंतर. इथे नोट छोटी असते: किती वाजता आला, अवस्था काय होती, थांबणं का शक्य नव्हतं, सोबत कोण होतं, दुसरा डॉक्टर हजर असेल तर त्याचीही सही. बास.

विष घेतलेला पेशंट शुद्धीत असेल आणि "मले जाऊ द्या, काही नको" म्हणत असेल तर ते साधं "नॉट विलिंग" समजू नका. 2017 च्या मेंटल हेल्थकेअर कायद्याचं कलम 115 अशा माणसाला तीव्र मानसिक ताणाखाली आहे असंच धरून चालायला सांगतं. त्याच्याशी बोला, त्याचं ऐका, त्याचे शब्द लिहा, पण दार उघडून देऊ नका. काय घेतलं, किती वाजता घेतलं, आत्ता तो किती समजून बोलतोय, कोण सोबत बसलंय, हे सगळं नोटमध्ये येऊ द्या.

दुसऱ्या टोकाला "सलाईन लावा" वाला पेशंट आहे. ताप दोन दिवसांचा, पाणी नीट पितोय, आणि घरच्यांना सलाईन पाहिजे. हा मिळून घ्यायचा निर्णय नाही हो, ही मागणी आहे, समजावून सांगायची आणि पुढे जायचं.

मधल्या भागात खरी निवड असते. आपल्याकडे नेहमी येणाऱ्या केस म्हणजे छातीत दुखून गेलंय पण ईसीजी नॉर्मल आहे, लेकरू डोक्यावर पडलंय पण खेळतंय, साप चावला म्हणतात पण लक्षण काहीच नाही, हार्ट अटॅक आहे आणि रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन इथे द्यायचं आहे, किंवा ऐंशीच्या पुढचा बुढा, दम लागलेला, आणि घरचे विचारतायत नागपूरले नेऊन काही फायदा होईल का जी. या प्रत्येक ठिकाणी दोन समजदार कुटुंबं दोन वेगळे निर्णय घेऊ शकतात, आणि दोन्ही बरोबर असू शकतात. म्हणूनच लिहायचं.

2. निर्णय कोणाचा आहे ते ठरवा

आपल्याकडे पेशंट बेडवर आणि निर्णय व्हरांड्यात, असं चालतं. मोठा भाऊ, जावई, सरपंच, गावातला कोणी शिकलेला पोरगा, सगळे तुमच्याशी बोलतात, आणि ज्याच्या छातीत दुखतंय तो छताकडे बघत पडलेला. पेशंट सज्ञान आणि शुद्धीत असेल तर निर्णय त्याचा. 2008 चा समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा हा सुप्रीम कोर्टाचा निकाल प्रत्येक नव्या एमओने समजून घ्यावा असा आहे. त्यात पेशंट भुलीखाली असताना तिच्या आईची संमती घेऊन गर्भाशय काढलं होतं, आणि कोर्टाने म्हटलं की पेशंट सज्ञान आहे, भुलीतून बाहेर येईपर्यंत थांबता येत होतं, जीवाला तातडीचा धोका नव्हता, मग आईची संमती चालत नाही. एका गोष्टीसाठी दिलेली संमती दुसऱ्या गोष्टीला लागू होत नाही, हेही त्यातच आहे.

बायांच्या बाबतीत तर हे जास्तच पाळा. सून बेडवर असते आणि सासरे ठरवतात. सासऱ्यांना बाजूला करायची गरज नाही, त्यांना मान देऊन बोला, पण आधी पाच मिनिटं सिस्टरला सोबत घेऊन तिच्याशी एकटीशी बोला. पडदा ओढून घ्या. मग नोटमध्ये लिहा की पेशंटशी वेगळं बोललो, सिस्टर हजर होत्या, तिचं म्हणणं हे, घरच्यांचं म्हणणं हे. दोन्ही म्हणणी वेगळी असतील तर वेगळीच लिहा, एकत्र करून "पेशंट अँड रिलेटिव्ह्ज" असं नको.

समजून निर्णय घेऊ शकतो की नाही हे कसं बघायचं? चार गोष्टी: सांगितलेलं कळलं का, थोडा वेळ लक्षात राहतं का, दोन बाजू तोलून बघू शकतो का, आणि आपलं म्हणणं सांगू शकतो का. दारू प्यायलाय म्हणून आपोआप निर्णय घ्यायला असमर्थ ठरत नाही, आणि म्हातारा आहे म्हणून तर अजिबात नाही. नोटमध्ये "कॉन्शस ओरिएंटेड" एवढ्यावर थांबू नका, एक वाक्य लिहा: "काय झालंय आणि घरी गेलो तर काय होऊ शकतं हे स्वतःच्या शब्दात सांगितलं."

भाषेचं विसरू नका. गडचिरोलीत माडिया-गोंडी, मेळघाटात कोरकू. तुम्ही मराठीत सांगितलं आणि समोरचा मान हलवतोय म्हणजे कळलं असं नाही. आशाताई, तिथलाच वॉर्डबॉय, कोणीतरी भाषा जाणणारा बोलवा, आणि "भाषांतर अमुक पदावरच्या व्यक्तीने केलं" हे लिहा. दहा वर्षांच्या पोराला आईच्या रक्तस्रावाचं भाषांतर करायला लावू नका, घरात तो एकटाच मराठी शिकलेला असला तरी.

3. पर्याय सांगताना आकडे माणसांत सांगा

"थोडी रिस्क आहे" याचा अर्थ प्रत्येकाला वेगळा लागतो. टक्के पण खेड्यात लवकर पोचत नाहीत. "असे शंभर पेशंट आले तर त्यातल्या एकाला" हे लगेच कळतं. उदाहरण घेऊ.

सहा वर्षांचा मुलगा बंडीवरून पडला, बेशुद्ध झाला नाही, दोनदा उलटी झाली, आता नीट बोलतोय. सीटी तुमच्याकडे नाही, जिल्ह्याला आहे. 2009 मध्ये पेकार्न नावाच्या गटाने चाळीस हजारावर मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यातून असं निघालं की दोन वर्षांवरचं मूल पूर्ण शुद्धीत आहे, कवटीच्या बुडाचं हाड मोडल्याच्या खुणा नाहीत, पण उलटी, थोडा वेळ बेशुद्धी, जोराचं डोकं दुखणं किंवा मोठा मार यातलं काही आहे, तर डोक्याच्या आत गंभीर इजा असण्याची शक्यता शंभरात एकाच्या आसपास असते, आणि नुसती उलटीच असेल तर त्याहून कमी. तिथे सीटी करायचा का काही तास नजरेखाली ठेवायचं, हे डॉक्टरचा अनुभव आणि आईबापाची इच्छा बघून ठरवा असं तो नियमच सांगतो. म्हणजे बोलून ठरवणं हा काही आपला ढिलेपणा नाही, शास्त्रानेच ती जागा ठेवलेली आहे. हां, त्यासोबत आपल्या जागेचं सत्य पण सांगायचं, की शहरात मूल बिघडलं तर सीटी खालच्या मजल्यावर असतो आणि इथून रस्ता दोन तासांचा आहे. हे वाक्य परदेशी पुस्तकात नसतं, पण धारणी किंवा एटापल्लीला निर्णय त्याच वाक्यावर फिरतो. पावसाळ्यात पर्लकोटा नदी चढली की भामरागडचा रस्ताच बंद होतो, मग "सकाळी बघू" हा पर्यायच राहत नाही, तेही सांगा आणि लिहा.

छातीत दुखण्याचं तसंच. हार्ट स्कोर (हृदयाच्या धोक्याचा अंदाज देणारे गुण) काढता येत असेल तर काढा, 0 ते 3 आला तर पुढच्या सहा आठवड्यांत हृदयाचा मोठा त्रास होणारे शंभरात साधारण एक-दोन. पण त्या स्कोरमध्ये ट्रोपोनिन ही रक्ततपासणी धरलेली आहे, तुमच्याकडे किट नसेल तर अर्धा स्कोर काढून "लो रिस्क" लिहू नका. "ट्रोपोनिन उपलब्ध नाही, दोन ईसीजी केले, वेळा अमुक तमुक" असं खरं ते लिहा.

खरा एसटी वर गेलेला (ईसीजीत स्पष्ट दिसणारा) अटॅक असेल तर तिथे तुमचा सल्ला ठाम असायला पाहिजे. अँजिओप्लास्टी दोन तासांच्या आत होणं आपल्या बहुतेक तालुक्यांतून शक्य नसतं, म्हणून गुठळी विरघळवणारं टेनेक्टेप्लेज किंवा स्ट्रेप्टोकायनेज जे असेल ते, मनाई करणारं कारण नसेल तर, इथेच द्यायचं आणि मग पाठवायचं. मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका दोनशेत एक ते शंभरात एक असा धरा, तो सांगायचाच. बोलणं दोन मिनिटांचं, नोट आधी दोन ओळींची, इंजेक्शन गेल्यावर सविस्तर लिहा आणि वर "नंतर केलेली नोंद" असं लिहून वेळ टाका. कागदासाठी इंजेक्शन थांबवू नका.

सापाचं थोडं वेगळं आहे. तिथे घरचे "लस द्याच" म्हणून मागे लागतात नाहीतर दोन तासांत "काही झालं नाही, जातो" म्हणतात, आणि दोन्ही वेळा समजावणं लागतं. काचेच्या स्वच्छ कोरड्या ट्यूबमध्ये रक्त घेऊन 20 मिनिटं न हलवता ठेवायचं, गोठलं (म्हणजे रक्तावर विषाचा परिणाम दिसत नाही) तर ते नातेवाइकांना दाखवा. मी तर म्हणतो दाखवाच, कारण डोळ्यांनी बघितलेलं पटतं. मग सांगा की अँटीस्नेक व्हेनम लक्षण आल्यावरच देतात, त्याची रिअॅक्शन येऊ शकते, आणि लक्षण नसताना फायदा नाही. पण घरी का जाऊ नये, तर मण्यार रात्री झोपेत चावतो, दुखत नाही, सुजत नाही, आणि काही तासांनी पापण्या जड व्हायला लागतात. म्हणून 24 तास. "मांत्रिकाकडे नेऊन आणतो" म्हणाले तर त्यांच्याशी भांडू नका, मांत्रिकालाच इकडे बोलवा म्हणा, दंडाला दोरा बांधू द्या पण आवळू नका म्हणा, पेशंट बेडवर राहिला पाहिजे. आणि हे सगळं लिहा: रक्त गोठलं, किती वाजता, पापण्या तपासल्या, किती वाजता, थांबण्याचं कारण सांगितलं, ते कबूल झाले.

4. "का नाही?" हे विचारल्याशिवाय पेन उचलू नका

मला विचाराल तर सगळ्यात महत्त्वाची पायरी ही, आणि हीच सगळ्यात जास्त सुटते. पेशंट "नाही थांबत" म्हणाला की आपण लगेच सही घ्यायच्या मागे लागतो. थांबा, विचारा, "काय अडचण आहे घरी?" उत्तरं ऐकून बघा: सोयाबीन कापून वावरात पडलंय आणि आभाळ आलंय. घरी बाई एकटी आणि बैल सोडायला कोणी नाही. लहान लेकरू शेजाऱ्याकडे टाकून आलो. नागपूरले 108 नेऊन सोडेल पण परत यायचं भाडं कोण देईल. आणि म्हाताऱ्या माणसाच्या बाबतीत एक भीती अशी असते की कोणी पटकन बोलून दाखवत नाही, की तिकडे काही झालं तर आणायचं कसं.

यातली अर्धी कारणं सुटण्यासारखी असतात. पैशाचं असेल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचं संरक्षण आहे, योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसतो, रेशन कार्ड आणि आधार सोबत ठेवायला सांगा, घरून फोटो मागवून घ्या. 108 फुकट आहे हे आजही खूप जणांना माहीत नसतं, गरोदर बाईसाठी आणि तान्ह्या बाळासाठी 102 आहे, ती घरी सोडायला पण येते. सोयाबीनचं असेल तर भावाला फोन लावून द्या, ताडपत्री टाकायला एक माणूस लागतो, आणि तुमचा पेशंट पहाटेच्या दुसऱ्या ईसीजीपर्यंत थांबतो. कारण विचारलं नसतं तर तो "नॉट विलिंग" म्हणून गेला असता.

आणि कारण सुटलं नाही तरी ते लिहाच, त्याच्याच बोलीत. "पेशंट म्हणतो: 'पानी आलं त वर्षाची कमाई जाईन, मी सकाळी येतो.'" पेशंटची बोली शुद्ध मराठी करून लिहू नका, इंग्रजीत तर अजिबात नको. बाकी क्लिनिकल भाग इंग्रजीत लिहायची सवय आहे ती राहू द्या, कोणी अडवत नाही, पण त्याचं वाक्य मराठीत अवतरण चिन्हात. उद्या घरच्यांसमोर तो कागद वाचला गेला तर त्यांना ते वाक्य ओळखू येईल.

5. नोट अशी दिसते

वरच्या लेकराचीच घेऊ, म्हणजे अंदाज येईल:

"रात्री 9.40. मुलगा, वय 6. 8 वाजता बंडीवरून पडला. बेशुद्धी नाही, दोन उलट्या, आता पूर्ण शुद्धीत, जीसीएस (शुद्धीची पातळी) 15, कानानाकातून रक्त-पाणी नाही, डोळ्याभोवती-कानामागे काळंनिळं नाही. आई-वडिलांना दोन पर्याय सांगितले: (क) आत्ता 108 ने जिल्हा रुग्णालयात सीटीसाठी, (ख) रात्रभर इथे भरती, दर अर्ध्या तासाने तपासणी, बिघडला तर लगेच रेफर. अशा शंभर मुलांत साधारण एकाला किंवा त्याहूनही कमी मुलांना गंभीर इजा निघते हे सांगितलं. इथे सीटी नाही, रस्ता दोन तासांचा, बिघडल्यास तेवढा वेळ जाईल हेही सांगितलं. सीटीत रेडिएशन असतं हे सांगितलं. आई म्हणाली: 'इथंच ठेवा जी, जराही वेगळा दिसला त मी तुमाले आवाज देईन.' वडिलांनाही थांबणं पसंत. माझं मत: दोन्ही योग्य, आत्ताच्या तपासणीवरून थांबायला हरकत नाही. ठरलं: पर्याय (ख). पुन्हा उलटी, झोपाळलेपणा, झटका, बोलण्यात फरक यातलं काही दिसलं तर लगेच बोलवायचं, हे आईने स्वतः परत सांगितलं. सिस्टर हजर."

खाली तुमची सही, नाव, रजिस्ट्रेशन नंबर, आईची सही किंवा अंगठा, साक्षीदार. लिहायला पाच मिनिटं लागतात, सवय झाली की तीन. यात बघा, पर्याय आहेत, आकडा आहे, आपल्या जागेची मर्यादा आहे, तिचं वाक्य आहे, तुमचं स्वतःचं मत आहे. तुमचं मत लिहायला लाजू नका. पुष्कळ पेशंट म्हणतात "तुमी म्हनसान तसं, साहेब", आणि निर्णय तुमच्यावर सोपवणं हाही त्यांचाच निर्णय असतो, पण तो लिहायला पाहिजे: "पर्याय ऐकून पेशंटने निर्णय डॉक्टरांवर सोपवला, त्याचे शब्द असे." ऐकण्याआधीच म्हणाला असेल तर आधी सांगा, मग लिहा.

एक सवय मात्र पहिल्या दिवसापासून लावून घ्या, "कळलं का?" असं विचारू नका. "हो जी" एवढंच उत्तर येतं. त्याऐवजी म्हणा, "घरी गेल्यावर काकूंना काय सांगाल, मला सांगा बरं." जे तो परत सांगेल ते लिहा, चुकलं तर दुरुस्त करा आणि पुन्हा सांगायला लावा.

6. तरीही गेलाच तर

डामा (डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध घरी जाणं) म्हणजे पेशंटशी संबंध तोडणं नव्हे. "स्वतःच्या जबाबदारीवर जात आहे" ही ओळ लिहून घेतली की आपलं काम संपलं असं वाटतं आणि मग गोळ्या पण देत नाहीत, चिठ्ठी पण नाही. असं करू नका. हार्टचा संशय असेल आणि मनाई नसेल तर अॅस्पिरिन चावून खायला देऊनच पाठवा, ईसीजीची कॉपी हातात द्या, दवाखान्याचा नंबर द्या, गावच्या आशाताईला फोन करून सांगा की उद्या सकाळी एकदा घरी जाऊन बघा, आणि हे सांगण्याआधी पेशंटला विचारा की आशाताईला सांगितलेलं चालेल ना. मग या सगळ्याची नोंद. "काय देऊन पाठवलं" ही ओळ डामाच्या नोटमध्ये सहीपेक्षा जास्त कामाची आहे. आणि धमकावू नका. "गेलास तर परत घेणार नाही" असं वाक्य कॅज्युअल्टीत ऐकू येतं कधीकधी, त्या वाक्यामुळे माणूस पहाटे दुखायला लागलं तरी परत येत नाही. उलट लिहून द्या, "कधीही परत या, दार उघडं आहे." कागदावर तसंच लिहा, मराठीत, मोठ्या अक्षरात.

सही करायला नकार दिला तर जबरदस्ती नको, "सही करण्यास नकार, साक्षीदार सिस्टर अमुक" लिहा, तेवढं पुरतं.

म्हाताऱ्या, खूप जुन्या आजाराच्या पेशंटला घरचे घरी नेतो म्हणाले तर तिथे घाईने डामाचा शिक्का मारू नका. बसा त्यांच्याजवळ. बुढा स्वतः बोलू शकत असेल तर त्याला विचारा, कुठे राहायचंय. दम कमी करायचं, दुखणं कमी करायचं औषध घरी कसं देता येईल ते ठरवा आणि लिहा. एक काळजी घ्या, व्हेंटिलेटर काढायचा किंवा लावायचा नाही अशा निर्णयांना सुप्रीम कोर्टाने 2018 मध्ये पद्धत घालून दिली आणि 2023 मध्ये ती सोपी केली, त्यात डॉक्टरांची मंडळं लागतात, त्यामुळे रात्री एकट्याने केसपेपरवर तसलं काही लिहून टाकू नका, वरिष्ठांना फोन करा आणि फोनची वेळ लिहा.

7. रेफर करताना नोट सोबत गेली पाहिजे

रेफर चिठ्ठीवर "फॉर फर्दर मॅनेजमेंट" लिहून पेशंट पाठवला की मेडिकलच्या (सरकारी मेडिकल कॉलेजच्या) कॅज्युअल्टीत तोच माणूस तीच गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगतो. त्याच्याशी काय ठरलं, त्याला कशाची काळजी आहे, काय नको म्हणाला, या दोन ओळी चिठ्ठीवर उतरवा. निर्णयाच्या नोटची झेरॉक्स लावा, झेरॉक्स नसेल तर कार्बन ठेवून लिहा. 108 च्या डॉक्टरला तोंडी सांगा आणि हँडओव्हरची वेळ टाका. पुढच्या दवाखान्यात फोन केला असेल तर कोणत्या पदावरच्या माणसाशी बोललात आणि बेड आहे का ते काय म्हणाले, तेही.

8. कागदाचे साधे नियम

हे पटकन सांगतो. वेळ प्रत्येक नोंदीला, 24 तासांच्या घड्याळात लिहिलं तर उत्तम. खाडाखोड झाली तर एक आडवी रेघ, वाचता येईल अशी, बाजूला सही आणि वेळ, व्हाइटनर कधीच नाही. नंतर आठवलं तर नंतर लिहिलंय असं कबूल करून लिहा, मधल्या रिकाम्या जागेत कोंबू नका. कोऱ्या संमतीपत्रावर आधीच अंगठे घेऊन ठेवायची पद्धत कुठे दिसली तर त्यात सामील होऊ नका. ऑपरेशनचं छापील संमतीपत्र वेगळं, ही नोट वेगळी, दोन्ही लागतात. 2002 च्या मेडिकल कौन्सिलच्या नियमांप्रमाणे भरती पेशंटचं रेकॉर्ड किमान 3 वर्षं ठेवायचं आणि पेशंटने मागितलं तर 72 तासांत द्यायचं असतं, त्यामुळे जे लिहाल ते पेशंट वाचणार आहे असं समजूनच लिहा: "अडाणी", "हट्टी", "भांडखोर रिलेटिव्ह" असले शब्द नकोत, तो काय बोलला ते लिहा, कसा आहे ते नको. आणि केसपेपरचा फोटो काढून डॉक्टरांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकायचा असेल तर नाव-गाव झाकून, पेशंटला विचारून.

सुरुवातीला रोज रात्री एकच केस निवडा आणि तिच्यावर अशी पूर्ण नोट लिहा, सगळ्यांवर लगेच जमणार नाही. सकाळी ड्युटी देताना ती नोट पुढच्या एमओला वाचायला द्या आणि विचारा, हा पेशंट दुपारी परत आला तर तुम्हाला याच्याशी काय बोलायचं ते यातून कळतंय का. जिथे तो प्रश्न विचारेल, तिथे तुमच्या नोटमध्ये काहीतरी राहिलंय, ते उद्याच्या नोटमध्ये घाला.